पोस्टबाबांच्या वर कोण?

बँकेची नोकरी लागून मी भिलाईला आले आणि रुआबांध्यात खोली बघायला गेले, तेव्हा दार उघडणाऱ्या माणसाने माझं नाव विचारलं नाही, पगार विचारला नाही, लग्न झालं का तेही नाही. कमरेवर हात ठेवून ते म्हणाले, "कोनत्या लाईनच्या?"

मला वाटलं, बँकेत कोणतं काम करते ते विचारतायत. म्हटलं, "क्लार्क आहे."

"ते नाही वो बाई. गाव कोनत्या लाईनवर हाये तुमचं?"

"यवतमाळ."

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "छोटी लाईन. मूर्तिजापूरले गाडी बदलाची. या, या, आत या." मग यवतमाळची गाडी काय चालीने चालायची, कोणत्या वळणावर लोक उतरून बोरं तोडून परत चढायचे, हे सगळं त्यांनी मला उभ्यानेच सांगितलं. शेवटी आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "खोली तरी दाखवा त्या पोरीले."

अशी मी काका-काकूंची भाडेकरू झाले, आणि बदली होईपर्यंत राहिले.

काका प्लांटच्या, म्हणजे भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या, रेल मिलमधून रिटायर झाले होते. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि तो ते लपवत नसत. "पणजोबांनं रेल्वेत डाक निवडली, आजोबांनं बी निवडली, बापानं रेल्वेत तिकिटं तपासली. मंग मी म्हटलं, आता या रेल्वेले पटरी आपनच देऊ." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की अजूनही मालगाडी दिसली की आधी पटरीकडे बघते.

माणसं गावाची नसतात, लाईनची असतात, असं त्यांचं ठाम मत होतं. गोंदिया लाईनचे लोक बोलघेवडे, बालाघाट लाईनचे मनात ठेवणारे, बिलासपूरपलीकडचे हिशेबी. काकू कामठीच्या. काही बिनसलं की काका त्यांना नावाने हाक न मारता "कामठी" म्हणत, आणि काकू उत्तर देत नसत. घरातल्या चाव्या खिळ्यांवर स्टेशनांच्या क्रमाने टांगलेल्या असत. मागच्या दाराची चावी हवी असेल तर "डोंगरगड" शोधावा लागे. चुकून दुसऱ्या कुणाचं टपाल आमच्या दारात पडलं तर काका ते पोस्टमनला परत देत नसत. टोपी घालून स्वतः चालत मरोद्यापर्यंत जाऊन देऊन येत. एकदा भर मे महिन्यात असे निघाले तेव्हा काकू म्हणाल्या, "विजेचं बिल आहे ते. उद्या नेऊन द्या."

"बिल असो का लग्नपत्रिका," काका चपला घालत म्हणाले, "डाक ते डाक."

पण त्यांच्याबद्दल लोक जे सांगत ते वेगळंच होतं. नागपूरकडून येताना गाडी शिवनाथ नदीच्या पुलावर आली की काका जागेवरून उठत, चपला काढून हातात घेत आणि पूल संपेपर्यंत अनवाणी उभे राहत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डबा गच्च भरलेला होता. उभ्या असलेल्या एका बाईला वाटलं हे उतरतायत, ती त्यांच्या जागेवर बसली. पूल गेल्यावर काकांनी चपला घातल्या आणि दुर्गपर्यंत उभेच राहिले, तक्रार नाही.

काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "यांच्या घरचे सगळे पुरुष असंच करतात. सासरेही करायचे. पोस्टबाबांपासून चालत आलंय म्हणे. मले लग्नात सांगितलं होतं, पण मले वाटलं मजाक करून राहिले."

पोस्टबाबा म्हणजे काकांचे पणजोबा. नागपूरहून इकडे रेल्वे नवी नवी आली तेव्हा चालत्या गाडीच्या डाकेच्या डब्यात पत्रं निवडणारे. एका हाताने कंदील सावरत दुसऱ्या हाताने गावोगावची पत्रं खणांत टाकायची, आणि स्टेशन येण्याच्या आत थैला शिवून तयार ठेवायचा, असं ते काम. घरात त्यांचा फोटो नव्हता. पण कुठल्याही मुलाने काही नीट केलं की "पोस्टबाबांचा पंतू शोभतो" असं म्हणायची पद्धत होती.

काकांचे थोरले भाऊ नागपूरला राहत. सगळे त्यांना दादा म्हणत. दादा शिस्तीचे, कडक इस्त्रीचे, समाजाच्या मंडळाचे पदाधिकारी. त्यांनी ठरवलं की घराण्याचं संमेलन भरवायचं आणि वंशावळ मोठ्या कापडावर रंगवून मंचामागे लावायची. काम काकांकडे आलं, कारण रिटायर झालेला आणि गाडीत बसायला सदा तयार असा भाऊ एकच.

काका कामाला लागले. खालच्या फांद्या भराभर भरल्या. पोस्टबाबांपर्यंत चढले आणि थांबले. पोस्टबाबांच्या वर कोण?

घरात सांगत की ते नागपूरच्या एका मोठ्या घराण्यातले, भोसल्यांच्या दरबारात मान असलेले. काका नागपूरला गेले, महाल भागातल्या जुन्या जुन्या घरांच्या ओसऱ्यांवर बसून आले. कुणालाच असा मुलगा आठवत नव्हता. वंशाच्या वह्या ठेवणाऱ्या रामटेकच्या उपाध्यायांकडे गेले, तिथेही तेच. काकांचं झाड एखादं रोप हवेत उलटं धरल्यासारखं दिसत होतं, खाली पसारा आणि वर मुळंच नाहीत.

दादांनी फोनवर मार्ग सांगितला. "एखादं चांगलं नाव टाकून दे. कोन पाह्यले येते?"

"दादा, पत्ता खोटा असला त डाक पोचत नाही," काका म्हणाले.

"ही डाक नोहे, वंशावळ हाये."

"तेच म्हनून राहिलो मी."

मग काही आठवडे तसेच गेले. आणि एका सकाळी जिन्याच्या खालून हाक आली. "बाई, जाग्या हाये का? मले एक सांगा. नागपूरहून येताना कन्हान लागते. मी बसून राहतो. वैनगंगा लागते, केवढी मोठी नदी, तरी मी बसून राहतो. मंग शिवनाथवरच कावून उठतो?"

मी दात घासत होते. फेसाच्या तोंडानेच नकारार्थी मान हलवली.

"मलेबी नाही सुचलं," ते म्हणाले. "साठ वर्षं उठून राहिलो, अन् कावून ते एकदाबी नाही इचारलं. तुमची स्कूटी रविवारी रिकामी असते ना?"

त्यानंतरचे माझे रविवार शिवनाथच्या काठावर गेले. काकांना गाडी चालवता येत नसे. ते मागे बसत, हातात छत्री, आणि प्रत्येक वळणाआधी "डावी लाईन", "उजवी लाईन" असं ओरडत. एका घाटावरून दुसऱ्या घाटावर आम्ही जात असू. ते म्हाताऱ्या माणसांशी बोलत, रेल्वेच्या डाकेत इकडचं कुणी होतं का विचारत. लोक चहा पाजत आणि नाही म्हणत. माझ्या मैत्रिणी पिक्चरला जात होत्या, आणि मी कुणाच्या तरी पणजोबांचा बाप शोधत होते. तरी मला कंटाळा आला असं आठवत नाही. एखाद्याला मनापासून काही शोधताना बघणं ही मोठी गोष्ट असते.

असेच एकदा आम्ही रेल्वेच्या पुलापासून थोड्या अंतरावरच्या एका केवटांच्या वस्तीत पोचलो. केवट म्हणजे नावाडी. घाटावर दोन डोंगे बांधलेले होते आणि काही माणसं जाळं सुकवत होती. एक म्हातारी वाळूवर बसून शेंगा निवडत होती. तेवढ्यात पुलावर गाडी आली. मी सहज पुलाकडे बघितलं आणि परत काठाकडे वळले, तर काठावरची सगळी माणसं पुलाकडे पाठ करून उभी होती. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. म्हातारीसुद्धा बसल्या जागी फिरली होती. गाडी गेली, माणसं पुन्हा वळली आणि कामाला लागली.

आणि काका त्या वाळूत चपला हातात धरून उभे होते.

म्हातारीने त्यांच्या पायांकडे बघितलं. "का होगे? पाँव मा काँटा गड़ गे का?"

काकांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "दाई, गाडी आली की तुम्ही पाठ कावून फिरवता?" त्यांनी हे मराठीतच विचारलं, मग चूक लक्षात येऊन हिंदीत विचारलं.

ती म्हणाली, हा आमच्या घरचा रिवाज आहे. मग शेंगा निवडता निवडता तिने सांगितलं ते असं. तिच्या आजोबांचा मोठा भाऊ होता. पूल व्हायच्या आधी डाकेचे थैले या घाटावरून डोंग्यातून पार व्हायचे. मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, मुनशीने त्या पोराला थैल्यांवरची अक्षरं वाचायला शिकवली. मग साहेब लोकांनी पूल बांधला, गाडी सुरू झाली आणि घाटाचा धंदा बसला. ज्या पुलाने बापाचा डोंगा रिकामा केला, त्याच पुलावरच्या गाडीत हा पोरगा नोकरीला चढला.

"भगोड़ा रिहिस," ती शांतपणे म्हणाली. "बाप ला घाट मा छोड़ के रेल मा चढ़ गे. नागपुर जाके मराठी बन गे. पूल ऊपर गाड़ी आवय त डब्बा के दुआरी मा खड़े राहय, पनही उतार के. अउ बाप पीठ फेर लेवय."

केवट डोंग्यात कधी पायात जोडे घालून चढत नाही. पूल ओलांडताना तो मुलगा बापाच्या डोंग्यात असल्यासारखा अनवाणी उभा राहायचा, आणि घाटावर बाप त्याच्याकडे पाठ करायचा. दोघंही गेले. अर्धा रिवाज गाडीत राहिला, अर्धा घाटावर. दोन्ही घरांनी आपापला अर्धा इतकी वर्षं सांभाळला आणि कशासाठी ते विसरूनसुद्धा गेले. निदान एक घर विसरलं होतं.

काका वाळूत बसले. मला वाटलं रडतील. पण त्यांचा चेहरा रेल मिलची गोष्ट सांगताना व्हायचा तसा झाला होता. "मी त्याचा पंतू," ते म्हणाले. "दाई, मी त्या भगोड्याचा पंतू."

म्हातारीने त्यांना बराच वेळ न्याहाळलं. मग शेंगांचं सूप उचललं आणि घराकडे चालायला लागली. आम्हाला तिने ना या म्हटलं, ना जा.

परतताना काका वळणं सांगायला विसरले आणि मी दोनदा रस्ता चुकले. घरी पोचल्यावर त्यांनी काकूंना एवढंच सांगितलं, "आपन नाव चालवनाऱ्या लोकाईचे हावो." काकू पोळ्या लाटत होत्या. म्हणाल्या, "बरं झालं. निदान कोनाचे तरी हावो."

दादांना मात्र ते बरं वाटलं नाही. फोन स्पीकरवर नव्हता, तरी मला वरच्या खोलीत ऐकू येत होतं. "तू आपल्या बापजाद्याले पान्यात बुडवून राहिला. अन् पोरीचं लगन जमलंय ते दिसत नाही का तुले?"

ते खरं होतं. काकांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न नागपुरातल्या इतवारीच्या एका रेल्वेवाल्या घरात ठरलं होतं. ती रायपूरला नोकरी करत होती; बापाशी मराठीत सुरू करायची आणि हिंदीत संपवायची. दादांचं म्हणणं, लग्न होईपर्यंत तोंड बंद ठेव. संमेलन त्यांनी पुढे ढकललं. काका म्हणाले, विचार करतो. आणि विचार करून ते दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने नागपूरला व्याह्यांकडे निघाले. मुलीने हट्टाने मलाही सोबत पाठवलं. "आप जाइए ना ताई, पापा कुछ ज़्यादा ही बोल देंगे."

ते ज्यादा बोलले नाहीत. सरळ सांगितलं. पोस्टबाबा दरबारी घराण्यातले नव्हते, शिवनाथच्या केवटाचं पोर होते, मराठी घरात लग्न करून मराठी झाले. "तुमाले जमत नसन त आत्ता सांगा. मंग मांडवात कोनी कुजबुज कराले नको."

व्याही बराच वेळ बशीतला चहा फुंकत राहिले. त्यांची बायको दारात उभी होती. मला काकांची मुलगी आवडत होती, म्हणून मी त्या बशीकडेच बघत होते.

"आमचे आजोबा," व्याही शेवटी म्हणाले, "गँगमन होते. हातोडा घेऊन पटरीवर चालाचे. आमी सगळ्याईले सांगतो स्टेशनमास्तर होते." त्यांनी बशी खाली ठेवली. "तुमी आले ते बरं केलं. मले आता खोटं नाही बोला लागनार."

काका उठले आणि त्यांना मिठी मारली. मला तोपर्यंत माहीत नव्हतं की काकांना मिठी मारता येते.

त्यानंतर लग्नाचं पहिलं आमंत्रण घेऊन काका घाटावर गेले. म्हातारीने पत्रिका हातातसुद्धा घेतली नाही. "सौ बछर बाद सुरता आइस?" आता आठवण झाली का, एवढं विचारलं आणि आत गेली. तिचे भाचे ओशाळून उभे राहिले. काका पुन्हा गेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा ती ओट्यावर होती. काकांनी वाकून तिच्या पायाला हात लावला आणि म्हणाले, "आमच्या पोस्टबाबानं घाट सोडला. गुन्हा केला त्यानं. त्याच्या तर्फे माफी मागतो." मी शेजारी होते. मला वाटतं तिला मराठी कळलं असावं, कारण तिने काकांच्या डोक्यावर हात ठेवला. पण येते असं काही म्हणाली नाही.

लग्न पावर हाउस स्टेशनजवळच्या एका मंगल कार्यालयात होतं. दादा आले. पुतणीचं लग्न, न येऊन कसं चालेल. पण ते काकांशी बोलत नव्हते. पुढच्या रांगेत, पाहुण्यांच्या मधोमध, ताठ बसले होते. मंगलाष्टकांना थोडा वेळ होता तेव्हा दारात हालचाल झाली. म्हातारी आली होती, दोन भाचे आणि त्यांच्या बायका बरोबर. हिरवी लुगडी, पायात चांदीचे तोडे, आणि एकीच्या डोक्यावर बांबूचा पसरट पर्रा, त्यात पिवळे तांदूळ आणि नवी साडी.

काका धावले. सगळ्यांत चांगली खुर्ची त्यांच्यासाठी राखून ठेवली होती. म्हातारी बसली नाही. तिने मांडवभर नजर फिरवली आणि विचारलं, "घर के बड़े कोन हे?"

काकांनी नाइलाजाने दादांकडे बघितलं. म्हातारी सरळ दादांसमोर जाऊन उभी राहिली. सगळा मांडव बघत होता.

"तैं बड़े अस?"

दादांना छत्तीसगढी येत नव्हतं असं नाही. त्यांची अर्धी नोकरी या पट्ट्यात गेली होती. ते उठून उभे राहिले. "हाँ. मैं बड़ा."

"त तैं काबर नइ आय? छोटे भाई ला तीन बेर भेजे. माफी मांगे के काम बड़े के होथे. घर मा बड़े जियत हे, अउ छोटे मुड़ी नवावत हे?"

मी दादांचा चेहरा पाहिला. आयुष्यभर त्यांनी थोरलेपण मिरवलं होतं. प्रत्येक कार्यात पहिला नारळ त्यांचा, पहिली पंगत त्यांची. मागे माफी मागायचं काम तेवढं धाकट्याने केलं होतं आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.  तेवढ्यात मंडळाचे एक गृहस्थ शेजारून वाकले आणि हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्या कोन बाई?"

काकांनी तोंड उघडलं. दादांनी हाताने त्यांना थांबवलं.

"आमच्या आत्याबाई होय," दादा म्हणाले. "माहेरच्या लगनाले आल्या." आणि कडक इस्त्रीचा सदरा चुरगळत ते खाली वाकले.

म्हातारीने त्यांच्या डोक्यावर पिवळे तांदूळ टाकले, मग काकांच्या, मग नवरीच्या. मुलगी रडत होती आणि हसत होती आणि हिंदीत काहीतरी बोलत होती. मंगलाष्टकं झाली. दरेक प्रसंगाला एक वाक्य तयार असलेला काकांसारखा माणूस वाढप्यांच्या हातून भाताचं पातेलं हिसकावून घेऊन पंगतीत शिरला आणि शेवटचा माणूस उठेपर्यंत वाढत राहिला.

संमेलन पुढे झालं. कापडावर सगळ्यात वर एक नावाडी होता, त्याचं नाव म्हातारीने सांगितलेलं. ते कापड मंचामागे दादांनी स्वतः टांगलं आणि येणाऱ्या प्रत्येकाला हाताने वरचं नाव दाखवलं. मंडळातले काही लोक जेवल्याशिवाय गेले. दादा म्हणाले, "जाऊ द्या. पंगत मोकळी झाली, आपले लोक बसतीन."

पुढे माझी बदली झाली. काका गेल्याचं काकूंनी फोन करून कळवलं तेव्हा मी रजा काढून भिलाईला आले. तेराव्याला घाटावरची मंडळी यायची होती. त्यांना वेळ झाला, उन्हं उतरायला आली. मी दारातच उभी होते. शेवटी एका टेम्पोतून सगळे उतरले, म्हातारीला दोघांनी धरून आणलेलं. या लोकांचं स्वागत कुणी करायचं, त्यांची ओळख कुणाला कशी करून द्यायची, असं माझ्या मनात आलं, कारण घरात बाहेरचे बरेच लोक बसले होते. पण त्याआधीच दादा मला बाजूला सारून, काठी टेकत बाहेर आले आणि फाटकातूनच रागावले.

"काय आत्या, घरच्या लोकाईनं एवढा उशीर कराचा का? पानं कवाची वाढली."